वाट बघणारीचा कडा

आत्या: परत वाचा. पहिल्यापासून.

बोर्डवाली: सगळं परत?

आत्या: माझ्याबद्दल आहे ना? मग दोनदा ऐकलं तर काय बिघडलं. आधी चहा घ्या, निवतोय. मग वाचा.

भाचा: आत्या, मॅडमना अजून सातव्या बोर्डाच्या जागेचं माप घ्यायचंय. आणि तीन वाजता मी होडी काढतोय, अठरा जणांचा ग्रुप आहे. मॅडमपण येणार आहेत, समुद्रातून कड्याचे फोटो काढायला. तू सही कर, म्हणजे सगळे मोकळे.

आत्या: मोकळे तुम्ही होणार. बोर्डावर मी राहणार, ऊनपावसात. आणि होडीचं मी सकाळीच सांगितलंय तुला. आज नको काढूस.

भाचा: ॲपवर हिरवं दाखवतंय, आत्या. वारा नाही, काही नाही. वाचा हो मॅडम तुम्ही.

बोर्डवाली: वाचते. "बोर्ड क्रमांक सहा. वाट बघणारीचा कडा. खाणीच्या काळात येथील एका तरुण नावाड्याची होडी समुद्रात बुडाली. त्याची पत्नी रोज या कड्यावर, समोरचा लोखंडी खांब धरून उभी राहत असे आणि त्याची वाट बघत असे. लोक सांगतात की, अखेरच्या श्वासापर्यंत तिने आशा सोडली नाही."

आत्या: अखेरच्या श्वासापर्यंत.

बोर्डवाली: ते मी बदलणारच आहे, आजी. तुम्ही आहात हेच मला माहीत नव्हतं. काल जेवताना तुम्ही वाढत होतात आणि हे तुमचे भाचे सहज म्हणाले, कड्यावरची बाई ती हीच. माझा घास हातातच राहिला.

आत्या: तरी म्हटलं, भाजी आवडली नाही की काय.

बोर्डवाली: म्हणून तर सही लागतेय. हयात व्यक्तीचा उल्लेख असेल तर तिची लेखी संमती घ्यायची, असा आमच्या पर्यटन खात्याचा नियम आहे. बाकीच्या सहा बोर्डांना अडचण नाही. खाणीची चिमणी, बोगदा, हिरवं तळं, यांना कोण विचारतंय?

आत्या: तू रे. तू लोकांना सांगतोस की मी मेले?

भाचा: मेलीस असं नाही म्हणत. "आणि मग एके दिवशी ती कड्यावर दिसली नाही," एवढं म्हणतो आणि गप्प होतो. पुढचं लोक आपापलं समजून घेतात.

आत्या: दाताच्या डॉक्टरकडे गेले असेन.

भाचा: आत्या, बारा वर्षं सांगतोय मी हे. बायका डोळे पुसतात तिथे. म्हणून तर तो पॉइंट शेवटी ठेवलाय. हिरव्या तळ्यापाशी सगळे फोटो काढतात आणि म्हणतात, झालं, एवढंच? मग मी त्यांना कड्यावर नेतो. सगळे चांगले रिव्ह्यू त्या कड्याचे आहेत. बोगद्याचा एकही नाही.

आत्या: आणि त्याच बायकांना मी इथे चादरी बदलून देते.

भाचा: त्यांना कुठे माहीत असतं.

आत्या: तेच म्हणते. बरं, बाई, पेन आहे ना हातात? एकेक सांगते. तरुण काढा. एकोणचाळीसचा होता तो. गुडघे कुरकुरायचे.

बोर्डवाली: तरुण काढलं.

आत्या: "रोज" काढा. रविवारी नाही.

बोर्डवाली: रविवारी नाही म्हणजे?

आत्या: रविवारी सुट्टी असायची.

भाचा: वाट बघायला सुट्टी?

आत्या: का? कामाला सुट्टी नसते? रविवारी होड्याच नसायच्या, मग वाट बघून काय करायचंय?

बोर्डवाली: एक मिनिट, आजी, माझा गोंधळ होतोय. होड्या नसायच्या म्हणून तुम्ही वाट बघत नव्हता?

आत्या: वाट होड्यांसाठीच बघायची ना. नाहीतर एवढा चढ चढून वर कोण जातंय? त्या वाऱ्यात पातळ सावरता सावरता जीव नकोसा व्हायचा.

बोर्डवाली: पण तुम्ही वाट कुणाची बघत होतात?

आत्या: कुणाची काय? वाट. वाट बघत होते. या खिडकीतून दिसतेय ती. ते दोन काळे खडक दिसतात ना, एक उंच आणि एक बसका? त्यांच्या मधली फट म्हणजे वाट. खाणीचा माल होड्यांत भरायचा आणि त्या फटीतून बाहेर न्यायचा, मोठं जहाज बाहेर उभं असायचं. दुसरीकडून जाताच येत नाही, पाण्याखाली सगळा खडक आहे. आणि धक्का पडला खाली, वळणाच्या आड. तिथून फट दिसत नाही. ती उघडी आहे की बंद, ते फक्त कड्यावरून दिसतं. म्हणून वर एक माणूस. त्याने वाट बघायची आणि निशाण लावायचं. पांढरं लावलं तर जा, लाल लावलं तर थांबा.

भाचा: वाट हे नाव आहे?

आत्या: मग इतका वेळ काय सांगतेय?

भाचा: आपण तर त्याला राक्षसाचा जबडा म्हणतो.

आत्या: तू म्हणतोस. तू आलास आणि जबडा झाला.

भाचा: आत्या, पण मला चांगलं आठवतंय. मी पाच वर्षांचा होतो. आत्या कुठे गेली विचारलं की आई म्हणायची, वाट बघायला गेलीय. रोज म्हणायची. आणि मामा तर तेव्हा… म्हणजे होडी बुडाल्यावरही म्हणायची.

आत्या: बुडायच्या आधीही म्हणायची. तुला आठवत नाही, कारण तू तेव्हा पाळण्यात होतास.

भाचा: मग बारा वर्षांत एकदा तरी बोलायचंस मला.

आत्या: काय बोलणार? मी कधी आलेय तुझ्या फेरीला? अंगणात ग्रुप जमवून तू सांगायचास, "आमच्या आत्या त्या कड्यावर वाट बघायच्या," तेवढं कानावर यायचं. मला वाटायचं, एवढा लहान असताना गाव सोडून गेलेला पोरगा, पण बरं ध्यानात ठेवलंय त्याने. बरं वाटायचं मला.

भाचा: अरे देवा.

आत्या: आता डोक्याला हात लावून काय उपयोग. चहा ओत त्यांना अजून.

बोर्डवाली: आणि तो लोखंडी खांब?

आत्या: निशाणाची काठी. वरचा भाग गंजून पडला, कमरेएवढा उरलाय. कप्पीची कडी अजून आहे बघा त्याला. मी कशाला धरून उभी राहतेय? हात लावला तर गंज लागायचा.

भाचा: त्याच्यावर लोक रिबिनी बांधतात. टपरीवाली विकते खाली. मनातलं माणूस परत येतं म्हणून.

आत्या: रंग कुठला असतो रिबिनींचा?

भाचा: लाल.

आत्या: म्हणजे बारा वर्षं वाट बंदच दाखवताय.

बोर्डवाली: आजी, मला हे खूप आवडलंय, खरंच. पण एक अडचण येतेय. मी जुने कागद वाचून आलेय. खाणीचा हजेरीपट, अपघाताची चौकशी, सगळं. त्यात निशाणवाला म्हणून तुम्ही कुठेच नाही आहात. तिथे एक वयस्क गृहस्थ आहेत.

आत्या: मामंजी.

बोर्डवाली: तुमचे सासरे?

आत्या: कागदावर ते. त्यांना मोतीबिंदू झाला, दोन्ही डोळ्यांना. अंगणातली कोंबडी दिसेना, फट कुठली दिसतेय? पण निशाणवाला म्हणून त्यांना ही खोली मिळाली होती. काम गेलं की खोली गेली. म्हणून ते रोज सकाळी माझा हात धरून वर यायचे, दगडावर बसायचे आणि मी बघायची. नऊ वर्षं. धक्क्यावरून दोन माणसं दिसायची, एक बसलेलं, एक उभं. सून डबा घेऊन आली असेल, असं लोक म्हणायचे.

बोर्डवाली: आणि तुम्हाला कळायचं कसं? उघडी की बंद?

आत्या: मामंजींनी शिकवलं. लाट खडकावर फुटतेय, फेस उडतोय, आवाज येतोय, म्हणजे वाट उघडी. भ्यायचं नाही, दोन लाटांच्या मधून होडी निघते. पण फेस गेला, फटीतलं पाणी गुळगुळीत दिसायला लागलं, तेल ओतल्यासारखं, आणि सगळंच्या सगळं वर येऊन खाली जायला लागलं, की बंद. लांबून कुठून तरी आलेलं पाणी असतं ते. वारा नसतो, आवाज नसतो. नव्या माणसाला वाटतं, आज किती शांत आहे.

भाचा: हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

आत्या: तू ॲपला विचारतोस.

बोर्डवाली: आजी, आता मी विचारते त्याचा राग मानू नका. होडी बुडाली त्या दिवशीही वर तुम्हीच होतात?

आत्या: मीच.

बोर्डवाली: मग एक गोष्ट तुमच्या कानावर घालायलाच हवी. बोर्ड क्रमांक चार धक्क्याचा आहे. त्यात एक ओळ आहे. चौकशीच्या कागदातूनच घेतलीय मी.

आत्या: वाचा.

बोर्डवाली: "खाणीच्या अखेरच्या काळात निशाणवाल्याच्या चुकीमुळे मालाची एक होडी बुडून चार नावाडी मरण पावले."

आत्या: परत वाचा.

भाचा: आत्या, राहू दे.

आत्या: परत वाचा म्हटलं.

बोर्डवाली: "निशाणवाल्याच्या चुकीमुळे मालाची एक होडी बुडून चार नावाडी मरण पावले." आजी, चौकशीत तसंच आहे. निशाण पांढरं होतं. निशाणवाल्याची दृष्टी अधू असल्याने त्याने चुकीचं निशाण लावलं. खाली त्यांचा अंगठा आहे.

आत्या: निशाण लाल होतं.

भाचा: लाल होतं?

आत्या: मी स्वतः चढवलं. अकरा खेपा झाल्या होत्या, बारावी भरत होते. पाणी गुळगुळीत व्हायला लागलं तशी मी पांढरं उतरवलं आणि लाल लावलं. जहाजाला संध्याकाळच्या आत निघायचं होतं. मुकादमाने वर बघितलं. डोळ्यांवर हात धरून बघितलं, मला दिसला तो. मग त्याने होडीला हात केला, चला म्हणून.

बोर्डवाली: म्हणजे त्याने लाल पाहूनही होडी सोडली?

आत्या: धक्क्यावर सगळे म्हणायचे, म्हातारा भित्रा झालाय, उगाच लाल लावतो. मुकादमालाही तसंच वाटलं असेल. त्याचं मी एक वेळ समजू शकते.

भाचा: आणि मामा? होडीतून वर दिसतं ना निशाण?

आत्या: दिसतं. बघितलं त्याने.

भाचा: मग?

आत्या: सुकाण्यावर तो होता. वळणावरून होडी बाहेर आली, त्याने मान वर केली, निशाण बघितलं आणि मला हात केला. निशाण म्हातारा लावत नाही, मी लावते, हे त्या होडीत एकट्या त्यालाच माहीत होतं. माझी एकदाही चूक झाली नव्हती, हेही त्याला माहीत होतं. तरी गेला. तो हात त्याने का केला, ते मला अजून कळलेलं नाही. बघितलं म्हणून केला, की येतो म्हणून केला.

बोर्डवाली: आजी, पाणी देऊ?

आत्या: नको, मला काही झालेलं नाही. सेहेचाळीस वर्षं झाली त्याला. पण बाई, मी कड्यावर उभी राहून त्याची वाट बघत होते असं जे लिहिलंय ना तुम्ही, ते अगदीच खोटं आहे. मी त्याच्यावर चिडले होते. अशी चिडले होते की समोर आला असता तर बोलले नसते. दोन वर्षं तरी चिडलेली होते. मग हळूहळू गेलं ते.

भाचा: पण तुझ्या मामंजींनी अंगठा कसा दिला त्यावर? खोटं आहे हे माहीत असून?

आत्या: दुसरं काय करणार? निशाण लाल होतं असं म्हटलं की पुढचा प्रश्न, तुला कसं दिसलं? मग माझं नाव येणार. पटावर नसलेली बाई नऊ वर्षं निशाण लावतेय, हे बाहेर आलं असतं तर त्याच दिवशी सामान रस्त्यावर. मी म्हटलं, मी सांगते खरं काय ते. तर मला म्हणाले, तू गप्प बस, पोरी. माझे डोळे तसेही गेलेत, त्यांच्यावर अजून थोडं ढकललं तर त्यांना काय होणार आहे. अंगठा देऊन घरी आले. साहेबाला दया आली, म्हातारा आहे म्हणाला, खोली राहू दिली. पुढे दीड वर्ष जगले. पाण्याला निघाले की लोक मागून म्हणायचे, आंधळ्याने चार माणसं घालवली. त्यातलं एक माणूस त्यांचाच मुलगा होता, हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही.

बोर्डवाली: मला हे माहीत नव्हतं.

आत्या: तुम्हाला कुठून माहीत असणार. तुम्ही कागद वाचलात.

भाचा: पण मग त्यानंतर दोन वर्षं तू वर का जायचीस? आई सांगायची, चौथ्या दिवशी तू परत कड्यावर होतीस. मी सगळ्यांना तेच सांगतो, चौथ्या दिवशी. तिथेच तर बायका रडतात.

आत्या: कंपनीने नवा निशाणवाला नेमला. बाहेरगावचा होता. माणूस सरळ होता, पण पाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. गुळगुळीत दिसलं की पांढरं लावायला धावायचा. मी बाजूला उभी राहायची आणि सांगायची, थांब, आता लाव, आता काढ. होड्या काही बंद नव्हत्या पडल्या. अजून पाच होत्या.

भाचा: म्हणून गेलीस?

आत्या: दुसऱ्या होडीवर तुझा बाप होता.

भाचा: हो. बाबा होते.

आत्या: रोज संध्याकाळी घरी यायचा ना तुला?

भाचा: यायचे.

आत्या: मग झालं तर.

बोर्डवाली: आजी, सहाचा मजकूर मी पूर्ण बदलते. आत्ता बसून बदलते. चारवरची ती ओळपण काढते, तेवढं माझ्या हातात आहे. "एक होडी बुडून चार नावाडी मरण पावले," एवढंच ठेवते.

आत्या: आणि निशाण लाल होतं, हे?

बोर्डवाली: ते मला घालता येणार नाही.

आत्या: का?

बोर्डवाली: चौकशीच्या कागदाच्या विरुद्ध जातं ना. वर पाठवलं की पहिला प्रश्न येईल, आधार काय? लेखी पुरावा लागतो, आजी. तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण खातं माझ्या विश्वासावर चालत नाही.

आत्या: बरं. मग मला एक सांगा. अखेरच्या श्वासापर्यंत मी आशा सोडली नाही, त्याचा कागद कुठाय?

बोर्डवाली: तो नाही.

आत्या: मग ते कसं आलं बोर्डावर?

बोर्डवाली: ते… त्याच्या आधी "लोक सांगतात" असं घातलंय. दंतकथा असली की तसं चालतं.

आत्या: म्हणजे खोट्याला कागद लागत नाही, आणि खऱ्याला लागतो?

बोर्डवाली: तसं नाही हो.

आत्या: तसंच आहे. मी रागावत नाहीये, मला फक्त तुमचा नियम कळून घ्यायचाय. लोक सांगतात, असं म्हटलं की चालतं?

बोर्डवाली: चालतं.

आत्या: लोक म्हणजे किती?

बोर्डवाली: किती म्हणजे… तसा आकडा काही नाही.

आत्या: ते श्वासाचं किती लोक सांगत होते?

बोर्डवाली: हे सांगत होते.

भाचा: मी एकटा.

आत्या: मग आता आम्ही दोघं आहोत. दुप्पट झाले की.

बोर्डवाली: आजी, तुम्ही आमच्या खात्यात यायला हव्या होतात.

आत्या: मला पटावर कुणी घेत नाही. लिहा आता.

बोर्डवाली: साठ शब्दांत बसवायचंय पण. पत्र्याचं माप ठरलंय, त्याच्या पुढे जाता येत नाही.

भाचा: थांबा, मॅडम. मला आधी विचार करू दे. लोक मला विचारणार. बारा वर्षं एक सांगितलं आणि आता बोर्डावर भलतंच. पुन्हा पुन्हा येणारे ग्रुप आहेत माझे. ते म्हणणार, हा माणूस थापा मारत होता.

आत्या: मारतच होतास.

भाचा: अगं, पण रडायला येतं लोकांना तिथे. ड्युटीवर असलेल्या बाईसाठी कोण रडणार?

आत्या: नाही रडले तर नाही रडले. आत्ता मी सांगितलं ते ऐकून तुला काय झालं?

भाचा: काही नाही.

आत्या: मग डोळे कशाने लाल झालेत?

भाचा: चुलीचा धूर.

आत्या: घरात गॅस आहे.

बोर्डवाली: लिहून झालं. वाचू?

आत्या: वाच, बाळ.

बोर्डवाली: "बोर्ड क्रमांक सहा." वरचं नाव काय ठेवू? "निशाणाचा कडा" करू?

आत्या: कशाला? आहे ते बरोबर आहे. वाट बघणारीचा कडा. नावात काही खोट नाही.

बोर्डवाली: बरं. "वाट बघणारीचा कडा. समोरच्या दोन खडकांमधल्या फटीला होडीवाले 'वाट' म्हणत. ती उघडी आहे की बंद, हे खालच्या धक्क्यावरून दिसत नसे. म्हणून एक बाई येथे उभी राहून अकरा वर्षे वाट बघत असे आणि निशाण लावत असे. पांढरे म्हणजे जा, लाल म्हणजे थांबा. होडी बुडाली त्या दिवशी निशाण लाल होते, असे लोक सांगतात."

आत्या: शेवटची दोन वर्षं निशाण तो नवा लावायचा. मी नुसती सांगायची.

बोर्डवाली: "निशाण लावत किंवा लावायला सांगत असे," करते.

आत्या: हां. आणि मामंजी?

बोर्डवाली: त्यांचा उल्लेख केला तर नऊ वर्षं तुम्ही कशा काय होतात, ते सगळं उलगडून सांगावं लागेल. तेवढी जागा नाही उरत.

आत्या: उलगडू नका. "सासऱ्यांनी तिला हे शिकवले होते," एवढं घाला. माणसाला काम येत होतं, हे तरी राहील.

बोर्डवाली: घातलं.

आत्या: रविवारचं राहिलं.

बोर्डवाली: रविवारचं पाहिजेच?

आत्या: नाहीतर पुन्हा कुणीतरी मला खांबाला मिठी मारून उभी करेल.

बोर्डवाली: "रविवारी सुट्टी." झालं. मोजते हं. एकसष्ट, बासष्ट… थोडे जास्तच होतायत. असू देत. पत्रा दोन बोटं मोठा करायला सांगते.

आत्या: चष्मा दे रे माझा. फ्रिजवर आहे. कुठे करायची सही?

बोर्डवाली: इथे, फुलीपाशी. अंगठा चालेल, सही करायलाच पाहिजे असं नाही.

आत्या: सही येते मला. अंगठे पुष्कळ झाले या घरात. घ्या. आता तू.

भाचा: मी कुठे सही करू?

आत्या: सही नको. सांगून दाखव. उद्यापासून लोकांना काय सांगणार आहेस?

भाचा: आत्ता?

आत्या: लोक सांगतात असं लिहिलंय तिने. लोकांनी सांगायला नको?

भाचा: बरं. "मंडळी, इथे या. कठड्याच्या मागे राहा. ते दोन काळे खडक दिसतायत, एक उंच, एक बसका? त्यांच्या मधल्या फटीला म्हणतात वाट. माझी आई मला सांगायची, आत्या वाट बघायला गेलीय. आणि मला वाटायचं…" आत्या, मला वाटायचं तेपण सांगू?

आत्या: सांग की. तुझ्यासारखा गोंधळ त्यांचाही होईल, म्हणजे ऐकतील.

भाचा: "मला वाटायचं, कुणाची तरी वाट बघतेय. तर ती… तर ती माझ्या वडिलांची होडी नीट बाहेर पडेल का, ते बघत होती."

आत्या: नुसत्या तुझ्या वडिलांची नाही. पाच होड्या होत्या.

भाचा: "पाच होड्या होत्या. त्यांतली एक माझ्या वडिलांची." आता बरोबर?

आत्या: बरोबर. आणि शेवटी ते गप्प व्हायचं नाही. मी मेले नाही हे स्पष्ट सांगायचं.

बोर्डवाली: अडीच वाजून गेले. खाली उतरायचं ना आपण? कॅमेरा घेते मी.

भाचा: थांबा, मॅडम. आत्या.

आत्या: काय?

भाचा: तीनला काढू का होडी?

आत्या: ॲप काय म्हणतंय?

भाचा: ॲपला नाही विचारत. तुला विचारतोय.

(आत्या उठून खिडकीपाशी जाते. दोन खडकांच्या मधल्या फटीकडे बघत राहते.)

आत्या: फेस नाहीये. सकाळी थोडा होता, आता तोही गेला. ये, तूच बघ. उंच खडकाच्या कमरेला ती हिरवी रेघ आहे ना, तिच्यावर डोळा ठेव. आता दिसतेय. आता बघ, गेली. आवाज आला काही?

भाचा: नाही.

आत्या: वाट नाही.

बोर्डवाली: मला तर किती शांत वाटतंय सगळं.

आत्या: वाटणारच.

भाचा: हॅलो, मी होडीवाला बोलतोय. तीनची फेरी आज होणार नाही. … नाही, होडी ठीक आहे, बिघाड काही नाही. … हवा छान आहे, हो, मीपण बघतोय. … अहो, कारण म्हणजे, आमच्या आत्याने वाट बघितली. नाही म्हणाली. … उद्या? उद्याचं ती उद्या बघेल.